गार हवेच्या तोंडाशी

"वास घेऊन बघा. अजून जवळ न्या नाकाच्या," असं म्हणत त्या बाईंनी दुधाची उघडी पिशवी काउंटरवर ठेवली, तसे रांगेतले मागचे लोक आपोआप मागे सरकले.

दूधताईला वास घ्यायची गरज नव्हती. त्या सुपरमार्केटात दूध-दह्याचा विभाग ती इतकी वर्षं सांभाळत होती की मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला दूधताईच म्हणत. तिचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. पिशवी नुसती हलवूनच तिला कळलं, दूध नासलं आहे. त्यात पिशवीवरची तारीख अजून उलटायची होती.

"बदलून देते, बाई."

"बदलून काय करू? परवाही बदलूनच दिलीत की!"

बाई पैसे घेऊन गेल्या. पुन्हा येणार नाहीत हे त्यांच्या पाठीवरूनच दिसत होतं. दूधताई तडक नव्या कपाटांकडे गेली. काचेची दारं, आत पांढराशुभ्र प्रकाश आणि माथ्यावर हिरव्या आकड्यात चार अंश. कपाट म्हणत होतं मी गार आहे, दूध म्हणत होतं मी नासलंय. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि दुधाला खोटं बोलता येत नाही.

तिने आइस्क्रीमच्या विभागातून साधा थर्मामीटर मागून आणला, पेलाभर पाण्यात बुडवला आणि पेला मधल्या फळीवर पिशव्यांच्या गर्दीत ठेवून दिला. दुपारी माल लावून झाल्यावर पाहिलं, तर पारा नऊच्या वर. माथ्यावर मात्र चारच.

मग तिची नजर आत, वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे जाळीतून गार हवा सुटते, आणि त्या हवेच्या अगदी तोंडाशी बोटाएवढा सेन्सर बांधलेला होता. यंत्राला थंडी-गरमी कळते ती त्या बोटावरून. ते बोट गार हवेत धरलं की यंत्राला वाटतं, सगळीकडे आबादीआबाद आहे, आणि ते निवांत बसून राहतं. यंत्र बसलं की वीज वाचते. खालचं दूध मरेना का!

तो सेन्सर तिथे तिच्या धाकट्या भावाने बांधला होता. तिच्या डोळ्यांदेखत. ती शिडी धरून उभी होती.

धाकटा कमी विजेवर चालणारी थंड कपाटं विकणाऱ्या कंपनीत होता. बोलायला असा गोड की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. या दुकानाची जुनी कपाटं बिनदारांची, उघडीवाघडी. त्यांच्यासमोर उभं राहायचं म्हणजे उन्हाळ्यातही स्वेटर लागायचा आणि विजेचं बिल पाहून मालकाला घाम फुटायचा. तरी मालक नव्या कपाटांना हात लावेना. दूध हा नाजूक माल, कोण कुणाच्या भरवशावर सोडणार? शेवटी धाकटा ताईकडे आला. ताईने मालकाकडे शब्द टाकला. मालक म्हणाले, "कंपनीला मी ओळखत नाही. तुला ओळखतो. तू म्हणतेस म्हणून एक रांग लावून बघू."

रांग लागली. तिला वेगळा मीटर बसला, आणि विजेचा आकडा निम्म्यावर आला. मालकाने सगळ्यांसमोर दूधताईची पाठ थोपटली. आता सगळ्या शाखांत ही कपाटं लावायची असं ठरत आलं होतं. त्या दिवशी ती घरी जाताना उगाचच एक थांबा आधी उतरून चालत गेली होती. कडेवर घेऊन वाढवलेलं पोर होतं ते. आई कामाला जायची, तेव्हा त्याचं नाक पुसण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सगळं हिनेच केलेलं. त्याच्या कौतुकात आपलाही वाटा आहे असं तिला वाटलं, आणि तसा तो होताही.

तिने त्याला फोन केला. तो चहाच्या वेळेला दुकानामागच्या माल उतरवायच्या आवारात आला.

"सेन्सर तिथं का बांधलास?"

"तिथंच असतो तो."

"मी तेव्हाही हेच विचारलं होतं, आणि तू हेच सांगितलंस. आता पाण्याचा पेला ठेवून बघितलंय मी. नऊ."

धाकट्याने इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, चाचणीपुरतं असं सगळेच करतात गं. सरळ लावला असता तरी पाव वीज वाचलीच असती. आमचा माल खोटा नाहीये!"

"मग पाव सांगायचं होतंस."

"पावाला कोण टाळ्या वाजवतो? दुसरी कंपनी निम्म्याचा आकडा घेऊन दाराशी उभी होती. ही ऑर्डर आली नाही तर मला घरी बसवणार होते." त्याने तिचा हात धरला. "सही होऊ दे. नंतर सगळे सेन्सर खाली घेतो, शांतपणे."

"तोवर लोकांनी काय प्यायचं?"

त्याने तिचा हात सोडला. ताई म्हणाली, "उद्या मालकांकडे जा. चूक झाली म्हणावं, पाव वाचते ते सांग. मी असेन तिथं. ते ऐकतील, माणूस चांगला आहे."

"हो."

"नक्की?"

"हो गं ताई, तुझी शपथ! तुझ्या शब्दाबाहेर गेलोय का कधी?"

गेला नव्हता. निदान तिला ठाऊक होतं तोवर तरी. ती निर्धास्त मनाने पुन्हा कामाला लागली. मधल्या फळ्यांवरचं दूध तेवढं तिने काढून जुन्या कपाटात हलवलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला, पण एकटा नाही. बरोबर कंपनीचे साहेब होते. मालकाच्या खोलीत चौघं बसली. ताईने भावाकडे पाहून मान किंचित हलवली, कर सुरुवात, अशा अर्थाने. त्याने सुरुवात केली.

"सर, दूध खराब झालं ही गोष्ट खरी. आम्ही तपासलं. यंत्रात दोष नाहीये. वापरण्यात आहे."

"म्हणजे?"

"दारं उघडी राहतात. माल लावताना तुमच्याकडच्या एक वयस्कर बाई दाराला क्रेट लावून ठेवतात. ताईनंच... म्हणजे विभागप्रमुखांनीच मला तसं सांगितलंय."

ताईच्या कानशिलात कुणी मारली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. ती बाई म्हणजे दुकानातली मावशी, ताईच्याच हाताखालची. गुडघ्यांनी हैराण, दोन्ही हातांत माल असला की पायाने क्रेट सरकवून दार अडवायची. माल लावून झाला की क्रेट काढायची. किती वेळ? चहा गार व्हायलाही जास्त लागतो. ही गोष्ट ताईने सुट्टीच्या दिवशी जेवताना, हसत हसत, मावशीची नक्कल करून भावाला सांगितली होती. तोही पोट धरधरून हसला होता. हसता हसता त्याने ती जपून ठेवली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला.

साहेब म्हणाले, "माणसं शिकलेली नसली की असं होतं. आम्ही प्रशिक्षण देऊ."

मालकाने कपाळाला आठ्या घातल्या. "त्या मावशींना मी आधीच घरी पाठवणार होतो. हिनं अडवलं म्हणून ठेवलं. दूधताई, क्रेटचं खरं आहे का?"

धाकटा टेबलाच्या कडेकडे बघत होता. तिला वाटलं, हा आता मान वर करेल. लहानपणी कप फोडला की असाच बसायचा आणि शेवटी मान वर करायचा. तिने वाट पाहिली. मान वर झाली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, हे तिला कळत होतं. मूग गिळून बसली तर मावशीची नोकरी जाईल, बाकी सगळं सुरळीत होईल, हेही कळत होतं.

"क्रेटचं खरं आहे," ती म्हणाली. "पण दूध त्यानं नासलेलं नाही. चला दाखवते."

ती पुढे आणि तिघे मागे असे सगळे कपाटाशी गेले. तिने आत हात घालून सेन्सर सोडवला आणि दुधाच्या पिशव्यांमध्ये ठेवला. हिरवा आकडा पाच झाला, सहा झाला, चढत राहिला. नऊवर पोचायच्या आत यंत्र घरघरून जागं झालं, आणि जोरात चालू लागलं.

मालक वाकून आकडा बघत राहिले. मग कंपनीचे साहेब धाकट्याकडे वळून म्हणाले, "हे तुम्ही बसवलंत? आम्हाला कल्पना नव्हती." साहेबांना कल्पना होती की नव्हती, देव जाणे. पण खापर फोडायला त्यांना डोकं हवं होतं, ते मिळालं.

"तुला कधीपासून माहीत?" मालकाने ताईला विचारलं.

"बांधताना शिडी मीच धरली होती. विचारलंही होतं. त्यानं सांगितलं ते खरं मानलं."

"मी पण तू सांगितलंस ते खरं मानलं," मालक म्हणाले. रागावून नाही, थकून म्हणाले, आणि तेच तिला जास्त लागलं.

मावशी राहिली. ताईला दूध विभागातून काढून पैसे घ्यायच्या खिडकीवर बसवलं. तिथे तिला दूधताई म्हणायचं की नाही, या पेचात लोक काहीच म्हणेनात. धाकट्याची नोकरी आठवड्याच्या आत गेली.

आई ताईकडेच राहायची. ताई घरी आली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"फोन आला होता त्याचा. ताईनं सगळ्यांपुढं उघडं पाडलं म्हणाला. रडत होता गं."

"आधी त्यानं माझंच बोलणं माझ्यावर उलटवलं, आई. ते सांगितलं का त्यानं?"

"लहान आहे तो."

लहान! लहानाच्या डोक्यावरचे केस उडाले होते आणि त्याची मुलगी शाळेत जात होती.

"मी काय करायला हवं होतं मग?"

"सांभाळून घ्यायचं. आजवर घेतलंसच की," आई म्हणाली. "मला त्याच्याकडं सोड. त्याला गरज आहे आता."

ताई भांडली नाही. त्या म्हातारीशी भांडून काय मिळणार, आणि ज्याच्याशी भांडायचं होतं तो समोर नव्हता. तिने आईचं सामान भरलं, रिक्षा केली, आणि आईला धरून जिना चढून धाकट्याच्या दाराशी नेलं. दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याने आईला आत घेतलं, ताईच्या हातातली पिशवी घेतली. "ये" म्हणाला नाही. तीही चौकटीबाहेरच थांबली.

"रक्तदाबाची गोळी सकाळी, जेवायच्या आधी. पांढरी गोळी रात्री, अर्धीच. तिला अख्खी देऊ नकोस, चक्कर येते."

"हो."

"रात्री उठते ती. दिवा चालू ठेव, पडेल नाहीतर."

"हो, ताई. ठेवतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तोच चेहरा, तोच 'हो'. मग तिने त्याच्या खांद्यावरून आत हाक मारली, धाकट्याची बायको हात पुसत बाहेर आली, आणि ताईने तिला गोळ्यांचं, अर्धीचं, दिव्याचं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.