सव्विसाव्या पानाचं खंडन

बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण घेतल्याशिवाय मी कुणाविषयी बोलतेय ते तुम्हाला कळायचं नाही, तेव्हा एकदाच घेते. यज्ञेश्वरशास्त्री. बारा वर्षं काशीत राहून न्यायशास्त्र शिकून आले. वादात समोरच्याला पाणी पाजण्यात त्यांचा हात धरणारा पुण्यात दुसरा नाही, असं लोक सांगतात. घरात मात्र त्यांना स्वतःचं उपरणं सापडत नाही. मी मथुरा, त्यांची बायको. माहेर धायरीच्या कुलकर्ण्यांचं, सासर सदाशिव पेठेत, हौदाला लागून.

श्रीमंत अजून पुण्यात होते आणि इंग्रजांचा वकील संगमावर बंगला बांधून बसला होता, तेव्हाची ही गोष्ट. लोणी काळभोरचा गेनबा आमच्याकडे गूळ घालायचा. एका ज्येष्ठात तो गुळाच्या ढेपेबरोबर फडक्यात बांधलेलं एक पुस्तक घेऊन आला. सोडून बघते तर ठशांनी छापलेलं, आणि वर हळदकुंकवाची ही पुटं.

"सोलापूरच्या वाटंला एक गोरा पाद्री भेटला, त्यानं फुकाट दिलं," गेनबा म्हणाला. "कारभारनीनं देव्हाऱ्यात ठिवलंय. रोज पूजा करती. पर आत काय लिवलंय ते कुनालाच ठावं न्हाई. शास्त्रीबुवा, तेवढं वाचून सांगा की."

शास्त्रीबुवांनी लांबूनच पाहिलं आणि मान फिरवली. पुस्तक मोडीत होतं. मोडी म्हणजे कारकुनांची लिपी, तिच्यावर शास्त्र्याने डोळे कशाला झिजवायचे? खरं कारण असं की त्यांना ती धड येत नव्हती. मला येत होती. माझ्या वडिलांना मुलगा नव्हता, दप्तर वाचून दाखवायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी मला शिकवली होती. मी पहिलं पान वाचलं आणि पुस्तक येशू ख्रिस्ताच्या धर्माचं आहे हे बाहेर पडलं.

झालं, पंधरा दिवसांत पेठभर बभ्रा. अशी आणखी चार पुस्तकं आसपासच्या गावांत निघाली. धर्मसभा बसली. सभेचे प्रमुख श्यामसुंदरशास्त्री आमच्या घरी आले आणि त्यांनी हुकूमच सोडला. आमच्या यांनी या पुस्तकाचं खंडन सोप्या मराठीत लिहावं, ते श्रावणी पौर्णिमेला सभेत वाचावं. मग मूळ पुस्तकं मुठेत सोडायची आणि खंडनाच्या नकला गावोगाव पाठवायच्या.

"एकही पान सुटता कामा नये," जाताना ते म्हणाले. "जे खोडलं नाही ते मान्य आहे, असं सभा धरील."

मान्य धरलं म्हणजे वाळीत. हौदावर पाणी बंद, दारी भिक्षुक बंद. हे सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी जिन्यात थांबून तेही सांगितलं. गृहस्थ मोठे काळजीवाहू.

आता पुस्तकाला शिवायचं कोणी? विटाळ मला आणि खंडन त्यांचं, अशी वाटणी झाली. रोज सकाळी मी पाटावर पुस्तक ठेवून वाचायची, ते चार हात लांब बसून ऐकायचे आणि लिहून घ्यायचे. मग मी पुन्हा आंघोळ करून स्वयंपाकाला लागायची. तीस पानं होती, महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक. दुःखात पडलेल्या माणसाने रोज एक पान वाचावं आणि थोडा वेळ डोळे मिटून बसावं, असं पाद्र्याने आरंभीच लिहिलं होतं.

दुःखात पडलेली माणसं म्हणाल तर आम्हीही होतोच. आमचा अनंता सात वर्षांचा होऊन देवीने गेला, त्याला तेव्हा पावणेदोन वर्षं होत होती. तो गेल्यापासून घरात बोलणं म्हणजे "वाढू का" आणि "पुरे". ते पोथ्यांत तोंड घालून बसत, मी चुलीत. रात्री दोघंही जागे असायचो आणि दोघंही झोपेचं सोंग घ्यायचो. एकमेकांना सांभाळण्याची ही आमची तऱ्हा.

पाद्र्याचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी ते खूप दिवसांनी हसले. पाद्र्याने लिहिलं होतं, "देव रडतो आहे त्या माणसाचे शेजारी बसतो आहे."

"म्हणजे रडतो कोण, देव की माणूस?" ते म्हणाले. "असं कसं लिहितात हे लोक? लिही... नाही, मीच लिहितो. 'रडणाऱ्याच्या उशाशी देव बसलेला असतो.' हां, आता बरोबर."

"तुम्ही पाद्र्याला मराठी शिकवताय की त्याला खोडताय?" मी विचारलं.

तेव्हा मला शास्त्राची रीत ऐकावी लागली. दुसऱ्याचं मत खोडायचं तर आधी ते मांडायचं, याला पूर्वपक्ष म्हणतात. आणि तो असा मांडायचा की खुद्द त्या माणसालाही इतका चांगला मांडता आला नसता. मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं खंडन. लंगड्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही, आधी त्याला धडधाकट करायचं आणि मग पाडायचं. काशीत बारा वर्षं हेच शिकवतात म्हणे.

त्यामुळे पाद्र्याचं दैव उघडलं. जिथे त्याची वाक्यं अडखळत तिथे आमच्या शास्त्रीबुवांनी ती सरळ केली. जिथे त्याला दाखला सुचला नव्हता तिथे यांनी दिला, तोही आपल्या मातीतला. एका पानाच्या पूर्वपक्षाला दोन दोन दिवस लागायचे. खंडन मात्र दुपारच्या जेवणाआधी उरकायचं. आणि वाचून झालं की डोळे मिटून बसायचे. पूर्वपक्ष अंगी मुरल्याशिवाय खोडता येत नाही, असं वर मलाच सांगायचे.

मी कशाला बोलू? आषाढात त्यांनी पुरणपोळी मागून घेतली. एका सकाळी मला उठवून म्हणाले, "मथुरे, ऊठ, पान राहिलंय." संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही पाद्र्याशी भांडायचो, म्हणजे एकमेकांशी बोलायचो. मला त्या धर्मात जायचं नव्हतं, यांना तर मुळीच नाही. पण त्या पुस्तकाने माझा नवरा मला परत दिला होता, आणि खंडन पुरं झालं की ते मुठेत जाणार होतं. मी दोनदा शाई सांडली. एकदा दौतच माळ्यावर टाकली. त्यांनी दुसरी आणली.

सव्विसावं पान नागपंचमीला आलं. मूल गेलेल्या आईबापांसाठी होतं ते. मी वाचायला लागले.

"ज्याचे लेकरू गेले त्याने आपला अपराध शोधीत बसू नये. लेकरू हे शिक्षेसाठी नेलेले नाही. ज्याने दिले त्याचे मांडीवर ते आहे."

पुढे मला वाचवेना. मी तशीच उठून मागच्या दारी गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. परत आले तर ते लिहीत होते. त्या पानात त्यांनी पाद्र्याचा एक शब्दही बदलला नव्हता.

खंडनाची जागा कोरी ठेवून ते पुढच्या पानावर गेले. सत्ताविसावं झालं, तिसावं झालं. पौर्णिमा उद्यावर आली तरी सव्विसाव्याची जागा कोरीच.

"होईल," ते म्हणायचे.

"काय होईल? उद्या सभा आहे."

"सुचत नाही मला." त्यांनी लेखणी खाली ठेवली. "वाळीत टाकतील तर टाकू देत."

न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला सुचत नाही. मला राग आला, खरंच सांगते. वाळीत पडल्यावर पाणी आणायला मुठेवर जाणार कोण, हे? आणि त्यांना उभ्या जन्मात दुसरं काही येत नाही. विद्या गेली तर माणूस उरणार किती? मी दौत त्यांच्यापुढे सरकवली.

"लिहा," मी म्हटलं. "मी सांगते."

"तू?"

"लिहा. लेकरू विनाकारण जात नाही. जातं ते आईबापांच्या पापाने. या जन्मातलं पाप आठवत नसेल तर मागच्या जन्मातलं असतं, पण असतंच. एका गावी एक बाई होती. शीतळासातमीला चूल पेटवू नये, शिळं खावं, हे तिला ठाऊक होतं. मुलाने गरम मऊभात मागितला म्हणून तिने चूल पेटवली. महिन्याच्या आत मुलाच्या अंगावर देवी फुटल्या. तेव्हा अपराध शोधू नये हे पाद्र्याचं म्हणणं खोटं आहे. शोधला की तो सापडतो. न शोधणारी बाई दुसरंही मूल गमावते."

त्यांची लेखणी मध्येच थांबली होती. "हे तुला कोणी सांगितलं?"

"हौदावर. रोज कोणी ना कोणी सांगतं. पावणेदोन वर्षं ऐकतेय, एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. लिहा."

"तू चूल पेटवली होतीस?"

"त्याला हुडहुडी भरली होती," मी म्हटलं. "लिहा ना."

त्यांनी लिहिलं. तिथली अक्षरं तिरपी आली आहेत, अजूनही दिसतात.

सभा मठात झाली. आम्ही बायका वर माडीवर, वेळूच्या चिकाच्या पडद्यामागे. पूर्वपक्ष वाचताना खाली एवढी शांतता की कुणाची शेंडी हलली तरी ऐकू यावी. दोन म्हातारे शास्त्री उपरण्याने डोळे टिपत होते. खंडन सुरू झालं की लोक मांडी बदलायचे, तपकीर ओढायचे. सव्विसाव्या पानाचा पूर्वपक्ष वाचून हे थांबले. श्यामसुंदरशास्त्र्यांनी ते पान हातात घेतलं आणि खंडन स्वतः खणखणीत वाचलं.

"वा," ते म्हणाले. "सगळ्या ग्रंथात हा उत्तरपक्ष सर्वांत बळकट. बाकीचे तर्क आहेत, हा अनुभव आहे. आणि चूल पेटवणाऱ्या बाईचा दृष्टान्त तर फारच चपखल. अशा बायका असतातच."

सभा हसली. माझ्या शेजारच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आपलंच बोलणं शास्त्रात गेलेलं ऐकून त्या बहुधा सुखावल्या असाव्यात. यांच्या खांद्यावर शाल आली. पाचही पुस्तकं त्याच दिवशी मुठेत गेली आणि सभेच्या खर्चाने चाळीस नकला निघाल्या.

घरी येऊन त्यांनी शाल माझ्या हातात दिली आणि पोथ्यांत तोंड घातलं. "वाढू का", "पुरे", पुन्हा सुरू. महिना गेला. मी शालीला कडुनिंबाचा पाला घालून पेटीत टाकली.

भाद्रपदात गेनबा गूळ घेऊन आला. आपली पोथी गेल्याचं त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"नवी पोथी लई ग्वाड हाय, शास्त्रीबुवा," तो म्हणाला. "पाद्र्याच्या पोथीत काय हाय ते कुलकर्ण्यालाबी कळत नव्हतं. तुमची पोरासोरांना कळती. रोज सांजच्याला देवळात वाचत्यात. आता धा-बारा पानं बी पाठ झाली लोकांना."

"आणि खंडन?" यांनी विचारलं.

"ते पानाखालचं व्हय? ते सुरू झालं की आमी उठतो. गुरांची वेळ व्हती."

गेनबा गेला. पाच पुस्तकं बुडवून सभेने चाळीस केली होती, तीही उत्तम मराठीत, आणि शाल पांघरून. मला वाटलं, आता हे हसतील. हसले नाहीत. उठून आत गेले, स्वतःची प्रत घेऊन आले, आणि चार हात लांब नाही, माझ्या पाटाशेजारी येऊन बसले. मी तांदूळ निवडत होते.

त्यांनी सव्विसावं पान काढलं आणि हळू आवाजात वाचलं. अपराध शोधीत बसू नये. शिक्षेसाठी नेलेले नाही. मांडीवर आहे. माझा हात सुपातच राहिला. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पानाची खालची, खंडनाची अर्धी बाजू त्यांनी तळहाताने झाकली होती.

"पुढचं वाचू?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "पुढचं मला पाठ आहे."