दुसरा ब्रेक

मास्तरांनी अख्ख्या गावाला गाडी चालवायला शिकवली, पण पोटच्या पोरीला काही ते जमलं नाही. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. मास्तरांचा उजवा पाय जन्मभर त्याच्यावर. लेक शिकायला बसली तेव्हा तर तो पाय त्यांनी उचललाच नाही. जरा कुठे पान हललं की गाडी थांबलीच! महिन्याभरात कंटाळून तिने किल्ली ठेवली, ती कायमची.

आता तिला पार शहराच्या दुसऱ्या टोकाला नोकरी मिळत होती. तिकडे बस जात नाही, हिला गाडी येत नाही. राहता राहिली बिनड्रायव्हरची टॅक्सी. मास्तरांचं एकच पालुपद, त्या गाडीला ना डोळे ना काळीज, भरवसा काय ठेवायचा? काळजीने त्यांना घास गोड लागेना आणि त्यांच्यापायी तिलाही. शेवटी ठरलं की बाबांनी एकदा सोबत बसून बघायचं. ते नको म्हणाले, तर तीही नोकरीला नको म्हणणार.

सकाळी दाट धुकं होतं. स्टिअरिंग आपलं आपण वळत होतं, झोपेत कुणी कूस बदलावी तसं. झाडं, खांब, बंद दुकानं हळूच समोर यायची आणि पांढऱ्यात विरून जायची. मास्तरांना वाटलं, आपण वर तर नाही ना पोचलो? उजवा पाय मात्र टक्क जागा होता.

तेवढ्यात धुक्यातून एक म्हातारी काठी टेकत रस्त्यात आली. मास्तरांनी पाय गच्च दाबला. गाडी अलगद थांबली. म्हातारी सावकाश पलीकडे गेली.

"बघितलंस? मी होतो म्हणून," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"बाबा, खाली बघा."

पायाखाली नुसती चटई होती. गाडी पुन्हा चालू लागली तरी मास्तर चटईकडेच बघत होते. ते ओशाळले.

"तू शिकत होतीस तेव्हा," त्यांनी हळूच विचारलं, "तूही थांबली असतीस का गं?"

लेक म्हणाली, "माझा पाय ब्रेकवरच असायचा, बाबा. तुमचा आधी पडायचा."

मास्तरांना रडूच आलं. ऑफिसच्या दारात टॅक्सी थांबली तेव्हा तिने विचारलं, काय सांगू आत जाऊन?

"हो सांग. आणि सुट्टीच्या दिवशी आपली जुनी गाडी काढ. तू चालवायची."

"आणि तुमचा पाय?"

मास्तरांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर ऐसपैस मांडी घातली.

"असा बसेन," ते म्हणाले.