धुरातला फोटो

तळघरातल्या गोदामाला आग लागली तेव्हा ती वर प्रयोगशाळेत होती आणि गोदामाचा स्टोअरकीपर, म्हणजे तिचा सख्खा दादा, खाली अडकला होता. बंबवाल्यांचा प्रमुख दाराशीच थांबला. आत मांडण्यांच्या दोन गल्ल्या, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा धूर, आणि छताचा काही भरवसा नाही. चुकीच्या गल्लीत माणसं घालायला तो तयार नव्हता. त्याचं तरी काय चुकलं?

तिने आपला कॅमेरा धापा टाकत खाली आणला. दादा त्याला ‘एकडोळ्या’ म्हणून चिडवायचा. खरंच त्याला डोळा एकच, तोही अर्धा आंधळा. समोरून किती प्रकाश परत आला, एवढाच आकडा त्याला कळायचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या चौकटी-चौकटींच्या नक्ष्या एकामागून एक आत फेकायच्या, प्रत्येकीचा आकडा घ्यायचा, मग संगणक त्यातून चित्र जुळवणार. धूर त्याला आडवा येत नसे. फक्त समोरचं काही हललं, की सगळं मुसळ केरात.

पहिलं चित्र आलं. मांडण्या, पिंपं आणि सगळीकडे बिघडलेल्या टीव्हीसारख्या मुंग्याच मुंग्या. प्रमुख म्हणाला, बाहेर पडला असेल हो तुमचा भाऊ. पण आकडे नाचत होते. आत कोणीतरी हलत होतं. आपण दिसावं म्हणून बिचारा हात हलवत असणार, आणि त्यानेच पुसला जात होता. काय म्हणावं या नशिबाला!

तिने दाराच्या फटीला तोंड लावलं. “दादा, हलू नकोस. अजिबात हलू नकोस, म्हणजे दिसशील.”

थोड्या वेळाने आकडे थांबले. चित्र उमटलं: डावी गल्ली, शेवटची मांडणी, भिंतीला टेकून बसलेला दादा. प्रमुखाने लगेच माणसं आत सोडली. तिचा जीव भांड्यात पडला.

“ऐकलं बघा तुमचं,” प्रमुख म्हणाला. “शर्टाचं बटणसुद्धा दिसतंय.”

तिने पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि फटीकडे धावली. आता हललास तरी चालेल, म्हणाली. मग ओरडून म्हणाली. मग घसा फुटेपर्यंत, हल रे दादा, हल.

श्वास घेणाऱ्या माणसाच्या छातीवरचं बटण त्या कॅमेऱ्यात कधीच दिसलं नव्हतं.