कोरा पडदा

आलेख काढणारा कॅल्क्युलेटर बाईंना शिकवायला मुख्याध्यापकांनी नेमका त्यांचाच जुना विद्यार्थी धाडला. तो आता गणिताचा नवा सर झाला होता.

"बाई, नुसती बटणं दाबा, डोकं चालवू नका," तो म्हणाला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी 'क्षचा वर्ग अधिक वीस' दाबलं. दोन अक्ष सोडले, तर पडदा कोराच राहिला.

"बिघडवलंत ना?" त्यानं कॅल्क्युलेटर हिसकावला, बंद-चालू केला, सेलही बदलले. स्टाफरूम बाईंकडे बघून फिदीफिदी हसत होती.

"पडद्यावर उभा अक्ष दहापर्यंतच दिसतोय," बाई म्हणाल्या. "हा आलेख विसाच्या खाली उतरतच नाही. नववीतही तुझं हेच होतं. स्वतःला दिसलं नाही, की दुसऱ्याच्या नावानं शंख."