अमरसिंहची अर्धी जागा

शुक्रवार पेठेत अंबूबाईंच्या सोप्यात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. चौरंगावर लॅपटॉप, त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि समोर केरबा महाराज. अंबूबाईंचा अमरसिंह पन्हाळ्याच्या वाटेवर मोटरसायकलवरून पडून गेला होता. पिंडाला कावळा शिवला नव्हता. तेव्हापासून त्या माउलीच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

"लेकराचा जीव ह्या डब्यात अडकलाय!" आठवडाभर रोज सांगत होते तेच महाराज पुन्हा गरजले. "ह्याची निम्मी जागा दिसत न्हाय म्हणं? मग कोण बसलंय तितं? त्योच की!"

लॅपटॉपच्या डिस्कवरची जागा खरंच निम्मी दिसत होती. दुरुस्तीवाल्यानंही तेच सांगितलं होतं. तो दुरुस्तीवाला महाराजांचा सख्खा मेव्हणा आहे, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

महाराजांनी लॅपटॉप चालू केला, वर पिवळं कापड टाकलं, आत लिंबू सरकवलं आणि मंत्र पुटपुटत दोन्ही हातांनी चाचपत राहिले. कापड ओढलं, तर रोजचं चित्र गायब आणि पडद्यावर अमरसिंह हसत उभा! बायका किंचाळल्या. अंबूबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. पोरगं काचेपलीकडून आपल्याकडंच बघतंय, असं त्यांना वाटलं.

"आज अवस हाय. लॅपटॉप आन् त्याची सोन्याची चेन द्या. गावाभायेरच्या प्रयागच्या संगमात सोडतो, जीव मोकळा हुईल."

अंबूबाईंनी चेन काढून महाराजांच्या हातात दिली, पण लॅपटॉपवरचा हात उठेना. बुडवला तर पोराचं तोंड कुठं बघायचं? न बुडवावा तर त्याची तडफड!

"महाराज, हेच कापडाशिवाय करून दाखवा," दारातून आवाज आला. अमरसिंहला कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या सुहाना मॅडम भेटायला आल्या होत्या.

"आत्म्याला नजर लागती, बाई!"

"मग मी करते. लिंबूही नको."

त्यांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. काळ्या पडद्यावर दोन नावं उमटली. "मावशी, अमरनं डिस्कचे दोन भाग केले होते. एकात तुमचं विंडोज, दुसऱ्यात त्याच्या अभ्यासाचं लिनक्स. विंडोजला तो दुसरा भाग वाचता येत नाही, म्हणून जागा निम्मी दिसते. काही दाबलं नाही तर तुमचं आपोआप उघडतं. तुमची अडचण होऊ नये म्हणून त्यानंच तसं लावून ठेवलंय. खालचा बाण दाबून एंटर मारलं की त्याचं उघडतं. महाराज कापडाखाली तेच करत होते. आता तुम्ही दाबा."

अंबूबाईंनी दाबलं. पडद्यावर तेच हसू आलं.

"मी बोलिवलं तरी आला की गं!"

सुहाना मॅडमनी त्यांचा हात धरला. "तो नाही आला, मावशी. त्यानं लावलेला त्याचा फोटो आहे. तो गेलाय."

अंबूबाईंचं लेकरू दुसऱ्यांदा गेलं. त्या हमसून हमसून रडल्या. मग पदरानं तोंड पुसून महाराजांकडं वळल्या.

"माझं पोरगं मेलंय, मला ठावं हाय. पर तू त्येला रोज तडफडाय लावलास. डोळ्याला डोळा लागला न्हाय माझा. ऊठ हितनं!"

महाराज चेन तिथंच टाकून वाट काढत निसटले. गर्दी खाली मान घालून उभी होती.

दुःखात माणूस कशावरही विश्वास ठेवतो, त्यात त्याचा दोष नाही. पण शेजाऱ्यांनो, तुमचं डोकं तर ठिकाणावर असतं ना? मग असल्या माणसापुढं हात जोडण्याआधी त्याला एवढंच विचारा, हे कसं केलंस? त्या घरातल्या आईला ते विचारायचं बळ नसतं.