कानसेन

रंगाऱ्याने ओलं फडकं पाठीवर मारलं, तेव्हा तो दचकून वळला.

"किती हाका मारायच्या?" रंगारी म्हणाला. "समाधी लागली होती की काय?"

"काम दिसत नाही का? बोल."

"गिऱ्हाईक आलंय. म्हणतो, दुपारपर्यंत थांबायला वेळ नाही, आत्ताच हवी."

लिफ्टवर चढवलेली गाडी त्याच्या डोक्यावर होती. लाल, बुटकी, शर्यतीच्या गाडीच्या तोंडवळ्याची. कंपनीचा सायलेन्सर उतरवून कोपऱ्यात टेकवला होता आणि गिऱ्हाइकाने मागवलेला नवा, चकचकीत सायलेन्सर जागेवर टांगून झाला होता. मागचे सांधे आवळले होते. उरला होता पुढचा, मागच्या सीटच्या बरोबर खालचा. त्यात बसायचं गॅसकेट, म्हणजे दोन पाइपांच्या तोंडांमधली फट बुजवणारं पातळ पत्र्याचं कडं, त्याच्या डाव्या मनगटात होतं. गॅसकेट बाकावर ठेवलं की हरवतं, खिशात ठेवलं की वाकतं. म्हणून ते बांगडीसारखं हातात चढवायचं आणि वरून बाही ओढायची, ही त्याची उमेदवारीतली सवय. बायको म्हणायची, "मला कधी एक केली नाहीत. स्वतः मात्र रोज नवी घालता."

गॅरेजात त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव मालकांच्या वडिलांनी ठेवलेलं. "गातो तो तानसेन, आपला हा कानसेन," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. गाडी वळणावर असतानाच तिचा कुठला सांधा गळतोय हे तो सांगत असे, आणि ते खरं निघत असे. त्याची परीक्षा साधी होती. इंजिन चालू करायचं, मागचं नळकांडं कुणीतरी ओल्या फडक्याने दाबायचं, आणि त्याने प्रत्येक सांध्यापाशी कान न्यायचा. फट असली की धूर तिथून बारीक सुस्कारा टाकतो. तो सुस्कारा त्याला ऐकू येई.

आता येत नव्हता. हे त्याच्या बायकोखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. आधी गेली दारावरची घंटा, मग नळाची ठिबक, मग नातवाचं बोलणं. इंजिनाची घरघर अजून कळायची, पण ती तळपायांतून. घरात त्याला बोलवायचं झालं की बायको खोलीतला दिवा विझवून पुन्हा लावायची. गॅरेजात तो लोकांच्या ओठांवर भागवून नेत होता. त्यामुळे त्याचं अर्धं लक्ष पान्यावर आणि अर्धं समोरच्याच्या तोंडावर असे.

"डॉक्टरला दाखवा," बायको समोर येऊन म्हणायची.

"आणि कानात यंत्र घालून गॅरेजात जाऊ? लोक म्हणतील, कान गेला, नुसता सेन उरला."

ती हसायची नाही.

गिऱ्हाईक लिफ्टखाली वाकून आलं. तरणा माणूस, हातात फोन. "काका, किती वेळ अजून?"

"झालंच."

"आज लांब जायचंय हो. बायको आणि लेक घरी तयार होऊन बसल्यात."

"लेक मागे बसते का?"

"तिच्याशिवाय कोण मावणार तिथे? कान ठणकतोय तिचा, वारा सोसत नाही. काचा बंदच ठेवणार. पण तुमच्या सायलेन्सरचा आवाज आत घुमला पाहिजे हां."

एवढं त्याला ओठांवरून नीट कळलं. मग गिऱ्हाईक मान वळवून बोलायला लागलं आणि तोंड दिसेना. तो अंदाजाने हो ला हो करत राहिला. सांधा जुळवला, बोल्ट घातले, पाना फिरवला. नजर मात्र गिऱ्हाइकाच्या गालावर होती, तो गाल कधी इकडे वळतो याच्यावर.

मालक बाहेर आले. "चला कानसेन, लावा कान. यांना बघायचंय."

"व्हिडिओ काढतो," गिऱ्हाईक म्हणालं. "मित्रांना पटत नाही, कानाने तपासणारा माणूस अजून आहे म्हणून."

एरवी तो रंगाऱ्याला काहीतरी काम सांगून पिटाळायचा आणि बाकाखालचा साबणाच्या पाण्याचा डबा काढायचा. सांध्यावर फेस लावला की फटीतून बुडबुडे येतात, डोळ्यांना दिसतात. आता डबा काढला असता तर तो कशाला, हे फोनसमोर सांगावं लागलं असतं. त्याने डब्याकडे एकदा पाहिलं आणि तो तसाच राहू दिला.

इंजिन सुरू झालं. पलीकडे रंगाचा काँप्रेसर धडधडत होता. रंगाऱ्याने मागे फडकं दाबून धरलं. कानसेनने डोळे मिटले, नेहमीसारखे, आणि एकेका सांध्याला कान लावत पुढे सरकला. पुढच्या सांध्यापाशी गालाला ऊब लागली. पाइप तापणारच, असं त्याने स्वतःला सांगितलं. तो सरळ झाला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मागून रंगारी काहीतरी बोलला. कानसेनची तिकडे पाठ होती.

गाडी खाली उतरली. गिऱ्हाइकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मालकांचा हात हातात घेतला, आणि नाक्यापर्यंतच्या सगळ्या खिडक्या हादरवत गाडी गेली. मालक खूश होते. तो हात धुवायला नळावर गेला आणि त्याने बाही वर सारली.

कडं मनगटात होतं. कोरं, चकचकीत, एक काळा ठिपका नाही.

नळ वाहत राहिला. शेजारी भंगाराचं पिंप होतं. त्यात असल्या जुन्या कड्यांचा ढीग होता. त्यांच्यात हेही जाऊन पडलं असतं, तर कुणी विचारलं नसतं. बोल्ट ढिले झाले असतील, रस्ता खराब असेल, लोक काहीही म्हणतात. तो पिंपापाशी जेवढा वेळ उभा राहिला, तेवढ्यात गाडी गिऱ्हाइकाच्या दाराशी पोचली असेल.

मग तो मालकांच्या खोलीत गेला.

"त्या गाडीला फोन लावा. काचा उघडायला सांगा, धूर आत शिरतोय."

"का? काय राहिलं?"

त्याने मनगट पुढे केलं. मालकांना समजायला क्षणभर लागला. "पण तुम्ही तर कान लावलात. गॅसकेट नाही म्हटल्यावर सांधा बोंबलत असणार."

"मला ऐकू येत नाही."

"म्हणजे? आज काँप्रेसरमुळे?"

"नाही मालक. ऐकूच येत नाही. बरेच दिवस झाले."

मालक त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. आजवर त्यांनी त्याच्या तोंडाकडे एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी फोन उचलला.

"वाजतोय. उचलत नाही."

"त्या आवाजात फोन कसला ऐकू येतोय त्याला," दारातून रंगारी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी विचारलं होतं तुम्हाला, पुढे काहीतरी फुसफुसतंय का म्हणून. तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, कानसेनने ऐकलंय, आपण कोण सांगणारे."

मालकांनी रंगाऱ्याला मोटारसायकल देऊन हमरस्त्याने पाठवलं आणि स्वतः फोन लावत बसले. पुन्हा पुन्हा. तो समोर उभा होता. दर वेळी मालकांचे ओठ 'नाही' म्हणत.

कितव्यांदा तरी ओठ 'हॅलो' म्हणाले. आणि मग सवयीप्रमाणे मालक बोलता बोलता उठले, भिंतीकडे वळले. त्याला फक्त पाठ दिसली. ती आधी ताठ होती. मग खांदे खाली आले. सुटकेने आले की कशाने, हे पाठीवरून कळत नाही. तो पुढे होऊन मालकांच्या समोर जाऊ शकला असता. त्याचे पाय हलले नाहीत.

मालक वळले. त्यांनी तोंड मोठं उघडलं, एकेक शब्द सुटा केला, लहान मुलाला सांगावं तसा.

"पोरगी झोपली, असं वाटलं त्यांना. मग बायकोने उलटी केली, म्हणून गाडी थांबवली. पोरगी उठेना."

"आणि आता?"

"दवाखान्यात आहेत. श्वास चालू आहे. डोळे उघडलेत तिने. आईला ओळखत नाही. डॉक्टर म्हणतात, थांबावं लागेल."

संध्याकाळी बायकोने दिवा विझवून लावला. त्याने मान वर केली नाही. तिने जवळ येऊन त्याचा हात धरला आणि मनगटातलं कडं काढायला गेली.

"राहू दे," तो म्हणाला. "लागेल ते."

दुसऱ्या दिवशी ट्रकवर लादून गाडी परत आली. गिऱ्हाईक आलं नव्हतं. पोरगी अजून तशीच होती. निरोप एवढाच होता, की नवा सायलेन्सर काढून जुना लावा. नवा फेकून दिला तरी चालेल.

"अहो," मालक म्हणाले आणि अडखळले. कानसेन म्हणायचं, तर ते तोंडातून येईना. दुसऱ्या कुठल्या नावाने त्यांनी त्याला कधी हाक मारली नव्हती. "अहो, तुम्ही बाजूला व्हा. मी करतो."

मालकांनी कित्येक वर्षांत पान्याला हात लावला नव्हता. बोल्ट त्यांच्या बोटांतून निसटत होते. तो हात बांधून उभा राहिला, काही शिकवायला गेला नाही. पुढचा सांधा आला, तेव्हा त्याने मनगटातून कडं उतरवलं आणि पुढे केलं. कातडीवर त्याचा लाल वळ उमटला होता. मालकांनी ते घेऊन सांध्यात बसवलं.

रंगाऱ्याने काँप्रेसर बंद केला. इंजिन सुरू झालं, मागे फडकं दाबलं गेलं. मालकांनी वाकून एकेका सांध्याला कान लावला. पुढच्या सांध्यापाशी ते बराच वेळ थांबले. मग सवयीने त्याच्याकडे वळले. 'बरोबर आहे ना?' असं विचारण्यासाठी त्यांचं तोंड उघडलं आणि काही न विचारता मिटलं.

त्याने ते वाचलं. तो बाकापाशी गेला, खालचा साबणाच्या पाण्याचा डबा बाहेर ओढला आणि ब्रशसकट आणून मालकांच्या पायाशी ठेवला.