नसबंदीच्या चिमट्यावरचा आळ

मी एक जुना चिमटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, मित्रांनो; नसबंदीच्या ऑपरेशनमधला. पोलादातून घडलो आणि पुरुषांच्या नसा अलगद धरण्यात माझं आयुष्य गेलं. मग नवी हत्यारं आली आणि मी डॉक्टरांच्या टेबलावर पेनांच्या पेल्यात येऊन पडलो. डॉक्टर मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला मला अजून कौतुकाने दाखवतात.

एके सकाळी एक सुतार आणि त्याची बायको समोर येऊन बसले. मी त्याला लगेच ओळखलं. बऱ्याच वर्षांपूर्वी तिसऱ्या बाळंतपणात त्याची बायको मरणाच्या दारातून परतली होती. तिने गळ घातली, म्हणून तो माझ्याकडे आला होता. आता त्याच्या तपासणीचा निकाल आला होता. प्रोस्टेटचा कॅन्सर.

बाई पांढरीफटक पडली. तिची नजर माझ्यावर खिळली.

"मीच यांना ऑपरेशनला पाठवलं. त्यानंच झालं ना हे?"

खरंच मी केलं असेल तर? मग बाकीच्या एवढ्या जणांचं काय?

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, लाखो पुरुषांवर अभ्यास झालेत. काहींत धोका किंचित वाढलेला दिसला, काहींत अजिबात नाही. नसबंदीमुळे हा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. वय वाढलं, वडिलांना किंवा भावाला असला, तर मात्र धोका खरंच वाढतो."

"यांच्या वडिलांना होता," ती पुटपुटली.

डॉक्टर सुताराकडे वळले. "लघवीचा त्रास कधीपासून आहे?"

तो मान खाली घालून म्हणाला, "दीड वर्ष झालं."

"आणि आज उगवलास?"

"लोक म्हणायचे, नसबंदीनं कॅन्सर होतो. तसलं काही निघालं असतं, तर हिनं स्वतःला जन्मभर दोष दिला असता. म्हणून गप्प बसलो."

"अहो, मला एकदा सांगायचं तरी!" ती रडू लागली.

"उपचार आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण आधी आला असतास, तर बरं झालं असतं."

मित्रांनो, माझ्यावरचा आळ गेला, तरी मला आनंद झाला नाही. ऐकीव गोष्टीने त्याचं दीड वर्ष खाल्लं होतं. मला खुशाल नावं ठेवा, पण शंका आली की ती मनात कुजवू नका. घरात बोला, डॉक्टरांना विचारा.

जाताना तिने सुताराचा हात घट्ट धरला होता. माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.